चपलांचा तास

त्या वर्षी संगीतशिक्षकांची परिषद आमच्या बांडुंगला भरली आणि स्वयंसेवक गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शाळेत गाणं शिकवते, इंग्रजी बरं बोलते आणि मला कुणाला नाही म्हणता येत नाही, एवढी पात्रता आयोजकांना पुरली. कॉलेजच्या पोरांच्या परीक्षा चालू होत्या, म्हणून मी आमच्या गल्लीतच हाक दिली. गल्लीतली माणसं बहुतेक निवृत्त, वेळच वेळ असलेली, आणि कुठे चार डोकी जमली की आपण तिथे हवेच अशा स्वभावाची. भराभर आली.

गाड्या लावून घ्यायला मी कांग एंगकोसना, म्हणजे आमच्या एंगकोसदादांना, ठेवलं. उभा जन्म वाहतूक पोलिसात गेलेला. मिशा अशा, की ट्रकवाला न विचारता कागद काढून द्यायचा. नोंदणीच्या टेबलावर त्यांची थोरली बहीण रोहायेती. बहीण एंगकोसची असली तरी तेतेह, म्हणजे ताई, ती साऱ्या गल्लीची. माझ्या वेण्याही लहानपणी तिनेच घातल्या, आणि इतक्या घट्ट घातल्या की दिवसभर माझ्या भुवया वर असायच्या. आणि खाण्यापिण्याच्या कोपऱ्यात एनुंग, मशिदीजवळ सुराबीची, म्हणजे तांदळाच्या जाड घावनांची, गाडी लावणारी.

ही नावं ऐकून माझ्या आईने कपाळाला हात लावला.

"तिघांना एका छपराखाली? विविन, तुला गाणं शिकवायला ठेवलंय की आग लावायला?"

गोष्ट अशी होती. एंगकोसची पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते रोज सकाळी एनुंगच्या गाडीवर नारळाच्या दुधातली गरम सुराबी खायला जायचे. एनुंगही विधवा. आधी एक सुराबी, मग दोन, मग खाऊन झाल्यावरही तिथेच बसून राहायचं, असं करत करत गोष्ट निकाहपर्यंत गेली. साऱ्या गल्लीला माहीत होतं, फक्त तेतेहला नाही. तिला कळलं ते भाजीवाल्याकडून. "तेतेह, भावाच्या लग्नाला कच्च्या पपया किती पाठवू?" म्हणून त्याने दारात विचारलं. तेतेह म्हणाली, "उद्या सांगते," दार लावलं, आणि लग्नाला गेली नाही. तेव्हापासून बहीणभावात अबोला. घरं तीन दारांच्या अंतरावर, पण निरोप माझ्या आईमार्फत. "त्याला सांग, त्याचं मांजर माझ्या कौलांवर आहे." "तिला सांग, मांजर माझं नाही."

परिषदेचे पहिले दोन दिवस मात्र सुरळीत गेले. एंगकोस फाटकावर, तेतेह आत, एनुंग मागच्या अंगणात. स्वयंसेवकांचे बिल्ले तेतेह स्वतःच्या हाताने लोकांच्या छातीला लावत होती. एंगकोसचा बिल्ला तिने पेन्सिलीच्या टोकाने टेबलावरून पुढे ढकलला. एंगकोसनी तो उचलला आणि सलाम ठोकल्यासारखे उभे राहिले. तेतेह खिडकीबाहेर बघत होती. यापलीकडे काही झालं नाही, आणि मी मनातल्या मनात आईला हसले.

तिसऱ्या दिवशी शनिवार. सगळ्यांचं लक्ष लागलेला कार्यक्रम त्या दिवशी होता. फिनलंडहून आलेल्या मिस हेल्मी लहान मुलांचा प्रत्यक्ष तास घेऊन दाखवणार होत्या. उंच बाई, पांढरे केस बारीक कापलेले, पायात लोकरीचे मोजे. बोलणं थोडं, पण ज्याच्याशी बोलायच्या तो नकळत नीट उभा राहायचा. मी त्यांची दुभाषी. सभागृह गच्च भरलं होतं, सुमात्रापासून पापुआपर्यंतचे शिक्षक फोन उंच धरून बसले होते. आणि डोंगरावरच्या लेम्बांगहून येणाऱ्या मुलांच्या बसचा पत्ता नव्हता.

ड्रायव्हरचा फोन आला. "बाई, लेम्बांगच्या उतारावर अडकलोय. पुढे सगळ्या जकार्ताच्या गाड्या. स्ट्रॉबेरी घ्यायला थांबल्यात."

"मुलं कशी आहेत?"

"गातायत. दोघांनी उलटी केली, तेही गातायत."

मी मिस हेल्मींना सांगितलं. त्यांनी घड्याळ बघितलं नाही, सभागृहाकडेही नाही. त्या बघत होत्या दाराकडे. तिथे माझे स्वयंसेवक बाला-बाला भजी खात आत डोकावत होते.

"ते कोण?"

"आमचे स्वयंसेवक."

"वय काय त्यांचं?"

"साठीच्या आगेमागे."

"आज दहा," मिस हेल्मी म्हणाल्या. "बोलवा."

मी बोलवायचा अवकाश, लोक तेलकट बोटं रुमालाला पुसत व्यासपीठावर चढले. सतरंजीच्या कडेला सवयीने चपला काढल्या आणि मांड्या घालून गोल बसले. तेतेह सगळ्यात आधी बसली, पाठ ताठ, पहिल्या नंबरच्या विद्यार्थिनीसारखी. एनुंग लाजत लाजत समोरच्या बाजूला टेकली. सगळे बसल्यावर एंगकोस फाटकावरून पळत आले. गोलात एकच जागा रिकामी होती, तेतेहच्या डाव्या हाताला. ते तसेच उभे राहिले.

"मिशीवाला मुलगा," मिस हेल्मी म्हणाल्या, "बस."

मी भाषांतर करायच्या आतच ते बसले होते.

मिस हेल्मींनी मला एक गोष्ट सगळ्यांना बजावून सांगायला लावली. "नाटक करायचं नाही. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि मी तुम्हाला दहा वर्षांच्या मुलांसारखंच वागवणार." लोकांना ते फार आवडलं. आमच्या शेजारच्या बू ओदाहने, म्हणजे ओदाहकाकूने, लगेच हात वर करून विचारलं, "बाई, शूला जाऊ?" सभागृह हसलं. मिस हेल्मी म्हणाल्या, "नाही," आणि बू ओदाहचा हात खाली आला.

खेळासाठी त्यांनी लाकडाचे ठोकळे आणले होते. ते मुलांच्या मुठीत मावतील एवढेच. त्यांनी एक ठोकळा उचलला, एंगकोसचा पंजा बघितला आणि ठोकळा परत पिशवीत टाकला. मग त्यांची नजर सतरंजीच्या कडेला गेली.

"चपला घ्या. प्रत्येकाने आपली एक."

मी त्यांच्या कानाशी लागले. "मिस, इथे चपला हातात देणं बरं दिसत नाही. त्यातून थोरल्या माणसाला तर…"

"आमच्या घरातही बूट चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलांनाच विचारू. मुलांनो, चपला चालतील?"

मुलं चपला घेऊन केव्हाच आपापल्या जागी बसली होती. बू ओदाह आपल्या चपलेचा तळ रुमालाने पुसत होती.

खेळ साधा होता. "दी-दा-दी-दा-दुम" अशी अर्थ नसलेली एक ओळ सगळ्यांनी मिळून गायची. "दुम"ला आपल्यापुढची चप्पल उजवीकडच्या माणसापुढे ठेवायची आणि डावीकडून आलेली पुढच्या "दुम"साठी उचलायची. ताल चुकला नाही तर चपला गोल फिरत राहतात, चुकला तर कुणातरी एकापुढे ढीग होतो. मिस हेल्मींनी मांडीवर थाप मारत सुरुवात करून दिली.

पहिला "दुम" ठीक गेला. तेतेहने आपली चप्पल उजवीकडे दिली. त्याच वेळी एंगकोसनी त्यांचा काळा बूट तिच्यापुढे ठेवला. तेतेहने तो उचलला नाही. ती छताकडे बघून खणखणीत आवाजात "दी-दा-दी-दा" गात राहिली. एंगकोसच्या डावीकडून चपला येतच होत्या, ते त्या पुढे ठेवत होते. बुटावर रबरी चप्पल आली, तिच्यावर सँडल, सँडलवर आणखी एक चप्पल. तेतेहच्या उजवीकडची माणसं रिकाम्या हातांनी हवाच एकमेकांना देत होती, पण बिचारी "दुम" अगदी तालात म्हणत होती.

सभागृहात खसखस पिकली. आणि ज्याने आयुष्यभर चौकात उभं राहून गाड्या पुढे काढल्या, त्याच्या नाकासमोर ही एवढी कोंडी! एंगकोसच्या मिशा थरथरायला लागल्या.

"पुढे सरकव," ते ओठातल्या ओठात म्हणाले.

"दी-दा-दी-दा…"

"तेतेह, मागून येतायत! पुढे सरकव!"

अबोल्यातलं ते पहिलं वाक्य. तेतेहने गाणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"नेंग विविन, पोरी, याला सांग, मी याचे बूट उचलायला इथे आलेली नाही."

"तिला कशाला सांगतेस? मी हा काय इथे बसलोय!"

"इथे बसलायस होय? आणि लग्न ठरवलंस तेव्हा कुठे बसला होतास? तिथून माझं दार दिसत नव्हतं?"

"नंतर निमंत्रण पाठवलं होतं ना मी!"

"निमंत्रण! माझ्या हातून भात खाऊन वाढलेला पोरगा मला छापील निमंत्रण पाठवतो! त्यातही माझं नाव चुकलेलं!"

"ते छापणाऱ्याने चुकवलं!"

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या मकास्सारच्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "किती नैसर्गिक करतायत! अगदी माझ्या चौथीच्या वर्गासारखं." मागचे लोक नीट दिसावं म्हणून उभे राहिले.

"काय म्हणतायत?" मिस हेल्मींनी मला विचारलं.

मी पटकन म्हटलं, "तालाविषयी जरा मतभेद आहे."

मिस हेल्मींनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "विविन."

"लग्नाविषयी आहे," मी म्हणाले.

"कोणाच्या?"

"या मुलाच्या. म्हणजे, मिशीवाल्या."

त्या हसल्या नाहीत. लांब पाय दुमडून सरळ त्या दोघांसमोर जमिनीवर बसल्या. आधी तेतेहकडे वळल्या. "तू सांग. काय झालं?"

तेतेहने तोंड उघडलं. मला वाटलं, आता निमंत्रण, भाजीवाला, पपया, मांजर, सगळं बाहेर पडणार. पण कोणी तिला असं समोर बसून कधी विचारलंच नव्हतं बहुधा. ती एवढंच म्हणाली, "त्याने मला सांगितलं नाही."

मिस हेल्मी एंगकोसकडे वळल्या. "का नाही सांगितलंस?"

एंगकोसनी चपलांच्या ढिगाकडे बघितलं. "भीती वाटली."

"कोणाची?"

त्यांनी नुसता अंगठा उजवीकडे केला.

सभागृह पुन्हा हसलं. गोलातलं मात्र कोणी हसलं नाही.

"माझी?" तेतेह म्हणाली. "माझी भीती? मी काय वाघीण आहे?" तिने गोलावरून नजर फिरवली. "सांगा की! आहे मी वाघीण?"

सगळ्यांनी आपापल्या पायांच्या बोटांकडे बघायला सुरुवात केली. बू ओदाहने तर डोळेच मिटून घेतले. तेतेहला उत्तर मिळालं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"आई गेली तेव्हा तू एवढासा होतास. रात्री काही वाजलं की पळत येऊन माझ्या कुशीत शिरायचास. साऱ्या जगाची भीती वाटायची तुला, फक्त माझी नाही वाटायची, कोस."

"तू नको म्हणाली असतीस, तर मी लग्न केलंच नसतं, तेतेह," एंगकोस म्हणाले. "म्हणून नाही विचारलं."

याचं भाषांतर मला जमलं नाही. मिस हेल्मींनीही मागितलं नाही. त्या उठल्या, हात झटकले, आणि भांडकुदळ पोरांना जगातली कुठलीही बाई जे करते तेच त्यांनी केलं.

"तुम्ही दोघं शेजारी नकोत. मध्ये कोणीतरी हवं." त्यांनी गोलावर नजर टाकली. "तू. पिवळ्या स्कार्फची मुलगी. इकडे ये."

पिवळ्या स्कार्फची मुलगी म्हणजे एनुंग. बू ओदाहने पुन्हा डोळे मिटले. मिस हेल्मींना यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून देण्याइतकं इंग्रजी त्या घटकेला मला आठवेना. एनुंग उठली. कैद्यासारखी चालत आली आणि नवरा नि नणंद यांच्यामध्ये, जेवढी मावेल तेवढ्याच जागेत, अंग चोरून बसली.

मिस हेल्मींनी ढिगातल्या चपला ज्याच्या त्याला परत दिल्या. "पुन्हा," त्या म्हणाल्या. "दी-दा-दी-दा-दुम."

एंगकोसनी बूट एनुंगपुढे ठेवला. एनुंगने तो घाईघाईने उचलला आणि "दुम"च्या आधीच पुढे टाकला. तो तेतेहच्या मांडीवर पडला. एनुंग पांढरीफटक. "चुकलं, तेतेह! चुकलं माझं!" पुढच्या वेळी तिने चप्पल "दुम"नंतर दिली. त्याच्या पुढच्या वेळी घाबरून उलट नवऱ्यालाच परत दिली.

तेतेहने दोनदा सोसलं. पण समोर कोणी चुकीचं करतंय आणि आपण गप्प बसायचं, हे त्या बाईच्या रक्तातच नाही. तिसऱ्यांदा तिने एनुंगचं मनगट पकडलं.

"थांब! कसली घाई? 'दी-दा'ला हात गुडघ्यावर. हं. आणि आता… दुम! दे. पुन्हा गुडघ्यावर. कोणी मागे लागलंय का तुझ्या? दुम! दे."

ती एनुंगचा हात धरून तिच्याच गुडघ्यावर आपटत होती. तशाच घट्ट पकडीने, ज्या पकडीने माझ्या वेण्या घातल्या होत्या. एनुंगचं मनगट लाल झालं असणार, पण ती तालात आली. चपला फिरायला लागल्या. मिस हेल्मींनी वेग वाढवला. बुटामागे चप्पल, चपलेमागे सँडल, गोल असा पळायला लागला की सभागृहातले शिक्षकही मांड्यांवर थापा मारून गायला लागले. एंगकोस "चला, चला, चला" असं वाहतुकीला सांगावं तसं सांगत होते. आणि त्या गोंधळात, दोन "दुम"च्या मधल्या फटीत, मी एनुंगचा आवाज ऐकला.

"तेतेह, लग्नानंतर महिनाभर मी तुमच्या दाराला सुराबीची पुडी अडकवून ठेवायचे. रोज. तुम्ही… दुम… तुम्हाला मिळायच्या का?"

"त्या तुझ्या होत्या? मला वाटलं, मशिदीतून येतात."

"खाल्ल्यात?"

"अन्न टाकते की काय मी? दुम! हात बघ, हात! खोबरं कमी असायचं."

इतक्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि लेम्बांगची मुलं आत घुसली. गणवेश चुरगळलेले, घसे बसलेले, तरी गातच. खरं म्हणजे माझ्या स्वयंसेवकांनी आता उठून जागा द्यायची. पण एकही जण हलेना. बू ओदाह म्हणाली, "आमचा तास संपला नाहीये अजून. पोरांना मागे बसव." शेवटी मिस हेल्मींनी गोल मोठा केला. मुलं मध्ये मध्ये शिरली आणि चपलांच्या गर्दीत छोटे छोटे शाळेचे बूट फिरायला लागले. तेतेहच्या दोन्ही बाजूंना मात्र तिने कोणाला घुसू दिलं नाही. डावीकडे एनुंग होती, तिला अजून शिकवायचं बाकी होतं.

कार्यक्रम संपल्यावर त्या मकास्सारच्या बाई मला गाठून म्हणाल्या, "तुमच्या कलाकारांचा नंबर द्या ना. आम्हाला तिकडे भांडणाचा तास घ्यायचाय." मी म्हटलं, "ते फक्त बांडुंगमध्येच करतात."

निरोपाचं जेवण झालं, केळीच्या पानात गुंडाळलेला भात आणि मिरचीचं झणझणीत सांबल. मिस हेल्मींच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्यांनी सांबल दुसऱ्यांदा घेतलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "पिवळ्या स्कार्फची मुलगी हुशार आहे. फक्त घाबरते." मग मी त्यांना सगळं सांगितलं, कोण कोणाचं कोण. मग एवढा मोठा हसण्याचा आवाज त्या बाईत असेल असं मला वाटलं नव्हतं. हसता हसता त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

संध्याकाळी आवराआवर करून मी बाहेर आले, तर फाटकापाशी एंगकोसची जुनी गाडी उभी. एनुंग रिकामी पातेली मागे ठेवत होती. तेतेह दोन्ही हात कमरेवर ठेवून भावासमोर उभी होती. मला बघून म्हणाली, "बरं झालं आलीस. साक्षीदार लागेलच." मग एंगकोसकडे वळली.

"हं. सांग आता."

"काय सांगू?"

"जे तेव्हा सांगायचं होतं ते."

एंगकोसनी इकडे तिकडे बघितलं. अंगणात अजून शिक्षक होते, बसची वाट बघणारी मुलं होती. "इथे?"

"इथेच. नीट उभा राहून."

ते नीट उभे राहिले. शर्ट खाली ओढला. खाकरले. साठीचा माणूस, पण कान लालबुंद झाले होते.

"तेतेह, मी लग्न करायचं म्हणतोय."

"कोणाशी?"

"एनुंगशी."

"कोण एनुंग?"

पातेल्यांमागून एनुंगने हात वर केला. तेतेहने तिला वरपासून खालपर्यंत, जणू पहिल्यांदाच बघत असल्यासारखं, सावकाश न्याहाळलं. भावाकडे बघितलं. मग गाडीचं पुढचं दार उघडलं आणि ऐसपैस आत बसली.

"मुलगी वाईट दिसत नाही," ती काच खाली करत म्हणाली. "विचार करून कळवते. चल, गाडी काढ, मागे गर्दी होतेय."